एफवन बघू की फॉर्म्युला ई? बेळगावच्या एका रेसवेड्याचा हिशेब

भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये घुसली आहे. टीममध्ये सध्या भांडण चाललंय की पुढची गाडी पेट्रोलची करायची की इलेक्ट्रिक, कारण कोइंबतूरला फॉर्म्युला भारत म्हणून पोरांची स्पर्धा असते त्यात दोन्हीचे वेगळे गट आहेत. अभ्यास सांभाळून तिला एकच सीझन पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बघायचाय. दुसरा विचारणारा माझा वर्कशॉपमधला पार्टनर, त्याला रविवारची संध्याकाळ एवढीच मोकळी असते, ती पण बायकोनं खडेबाजारला चल म्हटलं नाही तर. दोघांचा प्रश्न एकच, एफवन (फॉर्म्युला वन, इंजिनच्या गाड्यांची रेस) बघू की फॉर्म्युला ई (निव्वळ विजेच्या गाड्यांची)? मी दोघांना वेगवेगळं उत्तर दिलं, दिवाळीला दोघं घरी भेटले, एकमेकांना सांगितलं, आणि दोघांनी मिळून मला धरलं. म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतो.

माझा कल कुठं आहे ते आधी सांगून टाकतो म्हणजे नंतर भांडण नको. उद्यमबागेत आमचं मशिनिंगचं छोटं वर्कशॉप आहे, इंजिनाला लागणारे कास्टिंगचे पार्ट येतात, ते आम्ही टर्निंग-बोअरिंग करून देतो. म्हणजे पोट पेट्रोल-डिझेलवर. शूमाकर फेरारीत होता तेव्हापासून रेस बघतोय, केबलवाल्याला दमदाटी करून चॅनल चालू करून घेतलेला माणूस मी. आणि प्रत्यक्ष बघितलं ते दोन्ही एकेकदाच, २०१३ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एफवन आणि ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादला फॉर्म्युला ई. दोन्ही वेळी खिशातले पैसे घालून गेलो होतो, त्यामुळं कुणाचं गुणगान गायची गरज नाही.

आवाजापासून सुरू करतो, कारण सगळे तिथंच अडकतात.

२०१३ ला गोवा एक्सप्रेस पकडून दीड दिवसाचा प्रवास करून आम्ही तिघं निजामुद्दीनला उतरलो होतो, झोप नाही, आंघोळ नाही, आणि स्टँडवर बसल्यावर पहिली गाडी समोरून गेली तेव्हा तिघांपैकी एकालाही बोलता येईना. ते व्ही-८ इंजिनचं शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षीपासून १.६ लिटरचं टर्बो हायब्रिड आलं. आमच्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, त्यांनी कानातलं मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि मागं वळून हसत म्हणाले, आज याची गरज नाही. ते मला त्या दिवसाचं सगळ्यात जास्त लक्षात आहे. रेड बुल टीमच्या व्हेटेलनं जिंकून मेन स्ट्रेटवर गोल गोल गाडी फिरवली, टायरचा धूर केला, गाडीतून उतरून तिच्यापुढं वाकला, त्या डोनटबद्दल टीमला दंड पण झाला, हे सगळं त्यानंतर. भारतात तीन वर्षं रेस झाली, २०११, २०१२, २०१३, तिन्ही त्यानंच जिंकल्या आणि मग टॅक्सच्या घोळात एफवन निघून गेलं ते आजतागायत आलं नाही.

हैदराबादला उलटं. गाडी येतेय हे आधी कळतच नाही. हुसेनसागरच्या कडेला नेकलेस रोड आणि एनटीआर मार्गावर २.८ किलोमीटरचं सर्किट केलं होतं, आम्ही जाळीला तोंड लावून बसलेलो, आणि एकदम शिट्टी येते आणि गाडी गेलेली असते. कशी शिट्टी, तर आमच्या सीएनसीचा स्पिंडल सहा हजार आरपीएमवर गेला की जी बारीक किंचाळी निघते ना, तशी. मला तर वर्कशॉपमध्येच बसल्यासारखं वाटलं, शनिवारची सुट्टी वाया. पण अर्ध्या तासानं एक गोष्ट लक्षात आली. बाकीचं सगळं ऐकू येतं. टायर घासल्याचं ऐकू येतं, रस्त्याच्या उंचवट्यावर गाडीचं पोट खरवडल्याचं ऐकू येतं, गाडी भिंतीला चाटून गेली तर तो आवाज येतो, आणि मुख्य म्हणजे शेजारी बसलेल्याला काय झालं ते विचारता येतं. एफवनला विचारायचं म्हणजे खुणा करायच्या. लहान पोरं घेऊन आलेली कितीतरी कुटुंबं होती तिथं, एक बाळ तर आईच्या मांडीवर झोपलं होतं, रेस चालू असताना! बुद्ध सर्किटवर हे शक्यच नव्हतं.

तेव्हा आवाजासाठी रेस बघणार असशील तर फॉर्म्युला ईच्या वाटेला जाऊ नको. आणि टीव्हीवर बघणार असशील तर हा मुद्दाच बाद, कारण आमच्या घरात टीव्हीचा आवाज बारावरून वर गेला की आतून हाक येते.

आता वेग. इथं जाहिरातवाले फसवतात. फॉर्म्युला ईची जी जेन-३ इव्हो, म्हणजे तिसऱ्या पिढीची सुधारलेली, गाडी आहे ती शून्य ते शंभर १.८६ सेकंदात जाते, एफवनच्या गाडीपेक्षा लवकर, असं ते सारखं सांगतात, आणि ते खोटं नाही. सुटताना चारही चाकांना ताकद मिळते, मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, पहिल्या क्षणापासून पूर्ण, त्यामुळं गोळीसारखी सुटते. पण रेस म्हणजे फक्त सुटणं नाही की. मोनॅकोला आता दोघंही जवळपास त्याच रस्त्यावर धावतात, त्यामुळं बरोबरी करायला सोपं आहे. एफवनचा पोलचा लॅप (ज्या फेरीवर सगळ्यात पुढून सुटायचा मान मिळतो ती) साधारण १ मिनिट १० सेकंदाचा, फॉर्म्युला ईचा २०२४ चा पोल दीड मिनिटाला टेकलेला. एका लॅपमागं जवळजवळ वीस सेकंद. म्हणजे साडेचार लॅपमध्ये एफवनवाला एक पूर्ण फेरी जास्त मारून मागून येऊन ओव्हरटेक करून जाईल.

का होतं असं? दोन-तीन कारणं आहेत. एफवनच्या गाडीचे पंख आणि खालचा भाग हवेच्या जोरानं गाडी रस्त्याला दाबून धरतात, त्यामुळं वळणावर ती वेग सोडत नाही, फॉर्म्युला ईच्या गाडीला तेवढं दाबायची सोयच दिलेली नाही. टायर पण वेगळे, एफवनचे गुळगुळीत स्लिक, यांचे हॅनकुकचे खाचावाले, कोरड्यात तेच आणि पावसात पण तेच, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या गाडीसारखं. ग्रिप कमी, म्हणून गाडी सारखी मागून घसरते आणि ड्रायव्हर सारखा स्टीअरिंगशी कुस्ती खेळतो. मला हे आवडतं खरं सांगायचं तर. एफवनची गाडी रुळावरून गेल्यासारखी जाते, ही पावसाळ्यात चोर्ला घाटात बाईक चालवल्यासारखी जाते.

वेगात एफवन सरळ जिंकलं, त्यात वाद नाही.

पण खरी गंमत रेस कशी चालते त्यात आहे आणि इथं मी थोडा जास्त बोलणार.

माझं आजोळ निपाणीकडचं, मामांच्याकडं शर्यतीचे बैल होते. आमच्याकडची बैलगाडी शर्यत म्हणजे नुसतं सरळ पळून संपलं असं नसतं, गावाबाहेरच्या रस्त्यानं लांब जायचं आणि फिरून परत यायचं. लहानपणी मी मामांना विचारलं होतं, मामा आपले बैल पहिल्यापासूनच जोरात का पळवत नाही? मामा म्हणाले, "आरं, जाताना कोण पुढं हाय हे गाव बघत न्हाई, येताना कोण पुढं हाय ते बघतंय." म्हणजे दम राखायचा. पुढच्या गाडीच्या मागं चिकटून जायचं, आपल्या बैलांना शांत ठेवायचं, समोरच्याचे दमले की फिरल्यावर सोडायचे.

फॉर्म्युला ई म्हणजे अगदी हेच. मी फॉर्म्युला ई पहिल्यांदा बघितलं तेव्हा कंटाळून बंद केलं होतं, कारण मी त्याच्यात एफवन शोधत होतो. मामांची शर्यत आठवली आणि मग कळायला लागलं.

बॅटरीत वापरायला मिळतात ३८.५ किलोवॅट-अवर, म्हणजे आपल्या भाषेत साडेअडतीस युनिट. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत महिन्याला जे २०० युनिटपर्यंत फुकट मिळतं ना, तेवढ्यात पाच गाड्यांची रेस होऊन जाईल! आणि एवढ्या विजेत पाऊण तास फुल जोरात पळायचं म्हटलं तर पळता येतच नाही, मध्येच संपणार. म्हणून ब्रेक मारताना मोटर उलटी जनरेटरसारखी चालवून वीज परत बॅटरीत भरायची, रेसमध्ये वापरलेल्या विजेतली साधारण ४० टक्के अशी परत मिळवलेली असते. पुढं एक, मागं एक अशा दोन मोटरी मिळून ६०० किलोवॅटपर्यंत ओढून घेतात, म्हणून मागच्या चाकांना नेहमीचे तेलाचे ब्रेक नव्हतेच जेन-३ आली तेव्हा. मला मशिनवाल्याला हे ऐकून पहिल्यांदा धडकीच भरली होती.

मग होतं काय, सगळ्यात पुढं असणं हा तोटा होतो. पुढचा हवा कापतो, त्याची बॅटरी जास्त जाते, मागचा त्याच्या आडोशाला फुकट येतो. त्यामुळं कुणीच पुढं राहायला तयार नसतं, सारखे नंबर बदलतात. २०२३ ला पोर्टलंडला एका रेसमध्ये ४०३ ओव्हरटेक झाले असं त्यांनीच जाहीर केलं होतं. चारशे! एफवनमध्ये पूर्ण सीझन बघून एवढे खरेखुरे, रस्त्यावर झगडून केलेले ओव्हरटेक लक्षात राहणार नाहीत. आता यातले किती खरे आणि किती "तू जा पुढं, नको तूच जा" वाले हा प्रश्न आहेच, आणि एफवनवाले तोच टोमणा मारतात, तो सगळाच चुकीचा नाही. पहिली पंचवीस मिनिटं म्हणजे दुचाकीवरून गप्पा मारत चाललेल्या मित्रांसारखी वाटतात कधी कधी.

पण शेवटची पंधरा मिनिटं बघ. हैदराबादला व्हर्न पुढं होता, मागं कॅसिडी, आणि कॅसिडीकडं बॅटरी जास्त शिल्लक. स्क्रीनवर दोघांच्या बॅटरीचे टक्के दिसत होते आणि ते बघून आमच्या स्टँडवरची माणसं मोबाईलची बॅटरी संपत आल्यावर होतात तशी अस्वस्थ झाली होती. व्हर्ननं शेवटपर्यंत दार लावून धरलं, अर्ध्या सेकंदाच्या आत फरकानं जिंकला, तो पण कसाबसा पुरवून पुरवून. माझ्या शेजारी एक हैदराबादी पोरगा होता, त्याला रेसमधलं काही माहीत नव्हतं, कंपनीनं पास दिला म्हणून आलेला, तो शेवटचे दोन लॅप उभा राहून ओरडत होता. मला ते एफवनपेक्षा जास्त आवडलं का? त्या दहा मिनिटांपुरतं हो.

अटॅक मोडचं पण सांगतो, कारण नवीन माणसाला ते खेळातल्यासारखं वाटतं आणि तो हसतो. वळणावर बाहेरच्या बाजूला पट्टे आखलेले असतात, त्यावरून गाडी नेली की काही मिनिटं ताकद ३०० वरून ३५० किलोवॅट होते, आणि इव्हो गाडीत त्या वेळात चारही चाकं चालतात. पण पट्ट्यावरून जायचं म्हणजे रेसिंग लाइन, वळणातली सगळ्यात वेगाची वाट, सोडायची, मागचे दोघं-तिघं पुढं निघून जातात. कधी घ्यायचा हेच डोकं. आधी फॅनबूस्ट म्हणून एक प्रकार होता, लोकांनी मत देऊन आवडत्या ड्रायव्हरला जादा ताकद द्यायची, तो मात्र खरंच पोरखेळ होता, जेन-३ आल्यावर काढून टाकला ते बरं झालं. रेस आहे की रिॲलिटी शो?

आणि फसतं तेव्हा पण असं फसतं की विचारू नको. २०२१ ला व्हॅलेन्सियाला पावसात सेफ्टी कार (काही गडबड झाली की सगळ्यांना हळू चालवायला पुढं येते ती गाडी) सारखी येत राहिली, नियमाप्रमाणं प्रत्येक वेळी वापरायची वीज कमी करत गेले, आणि पुढच्यानं वेळ संपायच्या आत लाइन ओलांडल्यामुळं एक लॅप वाढला. शेवटच्या लॅपला एकामागून एक गाड्या बॅटरी संपून रांगायला लागल्या. डी व्ह्रीस जिंकला. जगभर हसू झालं. मी पण हसलो. असलं एफवनमध्ये होत नाही.

एफवनमध्ये दुसरंच होतं, काहीच होत नाही. २०२४ चं मोनॅको आठव. पहिल्याच लॅपला अपघात, रेस थांबली, सगळ्यांनी थांबलेल्या वेळात टायर बदलून घेतले आणि मग ज्या क्रमानं पहिले दहा उभे होते त्याच क्रमानं दहाच्या दहा आले. एफवनच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. लक्लेर आपल्या गावात जिंकला म्हणून आनंद, नाहीतर ती रेस म्हणजे गणपतीची मिरवणूक, तीही बिनढोलाची. त्याच मोनॅकोला २०२३ ला फॉर्म्युला ईमध्ये कॅसिडी नवव्या नंबरवरून सुटून जिंकला होता. गाडी अरुंद, वेग कमी, म्हणून त्या गल्लीबोळात ओव्हरटेक होतो. बेळगावात सांगायचं तर गणपत गल्लीत ट्रक घालायचा की स्कूटर, एवढा फरक.

पण मी एफवनच्या बाजूनं पण बोलणार आहे, कारण एका रेसवरून हिशेब होत नाही. एफवनचं बळ एका रविवारात नाही, वर्षात आहे. वर्षाला चोवीसच्या आसपास रेस, प्रत्येक टीम स्वतःची गाडी स्वतः बनवते, मार्चमध्ये मागं असलेली टीम सप्टेंबरात पुढं येते, कोण कुणाचा इंजिनिअर पळवतो, कोण कुणाशी बोलत नाही. २०२३ ला रेड बुलनं २२ पैकी २१ रेस जिंकल्या तेव्हा पण माणसं बघत होती. फॉर्म्युला ईमध्ये सांगाडा सगळ्यांचा एक, बॅटरी एक, टायर एक, कंपनीनं बनवायची ती मागची मोटर, इन्व्हर्टर आणि सॉफ्टवेअर. त्यामुळं कुणीही जिंकू शकतं, पण त्यामुळंच कुणाबद्दल फार सांगण्यासारखं होत नाही. गोष्ट हवी असेल तर एफवन. आणि एक व्यवहारी मुद्दा, सोमवारी चहाच्या गाड्यावर एफवनवर बोलायला चार माणसं सापडतात. फॉर्म्युला ईवर बोलायला मला अजून एकही सापडला नाही, आरपीडी क्रॉसला विचारलं तर लोक इलेक्ट्रिक स्कूटरचं ॲव्हरेज सांगायला लागतात.

आपल्या माणसांचं काय? एफवनमध्ये नारायण कार्तिकेयन २००५ ला, नंतर करुण चांडोक, आणि फोर्स इंडिया २००८ ते २०१८. सध्या शर्यतीत उतरणारा भारतीय कुणी नाही. फॉर्म्युला ईमध्ये मात्र महिंद्रा पहिल्या दिवसापासून आहे, २०१४ ला बीजिंगला पहिली रेस झाली तेव्हा त्यांच्या गाडीत करुणच होता. २०२४ ला आपला मुंबईचा जेहान दारूवाला मासेराटीतून पूर्ण सीझन खेळला. जॅग्वार टाटांची, तिच्यावर टीसीएसचं नाव. आणि महिंद्रानं ही विजेची विद्या कुठून घेतली म्हणाल तर एक धागा आपल्याच राज्यातला आहे, बेंगळुरूची ती छोटी रेवा गाडी, २०१० मध्ये महिंद्रानं ती कंपनी घेतली. आठवते का, डबी मोटार म्हणून हसायचो आपण तिला.

हैदराबादला महिंद्राची गाडी गेली की स्टँड उभा राहायचा. दोन्ही जॅग्वार मात्र एकमेकांवर आदळल्या, बर्डनं स्वतःच्याच जोडीदाराला, इव्हान्सला, हेअरपिनला (एकदम उलट फिरणाऱ्या वळणाला) मारलं, मला ते समोर दिसलं नाही, स्क्रीनवर बघितलं. घरच्याच दोन बैलांनी एकमेकांना शिंगं लावावीत तसं.

आता भाचीसाठी मशिनचं. एफवनचं २०२५ पर्यंतचं हायब्रिड इंजिन जळणातली निम्म्याहून जास्त ताकद कामाला लावू शकायचं, आपल्या रस्त्यावरच्या पेट्रोल गाडीत तिसरा हिस्सा निघाला तरी खूप. इंजिन म्हणून जगात त्याच्या तोडीचं नाही आणि मी हे अभिमानानं सांगतो जसं काही मीच बोअर मारलाय. पण इलेक्ट्रिक मोटर नव्वद-पंचाण्णव टक्क्यांच्या पुढंच सुरू होते. कुठं पन्नास, कुठं पंचाण्णव. त्यामुळं फॉर्म्युला ईमध्ये मोटर सुधारायला फार जागा उरलेली नाही, सगळी लढाई सॉफ्टवेअरची, कुठल्या वळणाला किती वीज परत ओढायची आणि मागचं चाक लॉक होऊ द्यायचं नाही याची. कॉलेजच्या पोरांना हे लॅपटॉपवर करून बघता येतं. एफवनचं इंजिन करून बघता येत नाही.

आणि वर गंमत अशी की दोघं एकमेकांकडं सरकायला लागलेत. २०२६ पासूनच्या एफवनच्या नियमात ताकद साधारण निम्मी इंजिनाची, निम्मी विजेची, विजेची मोटर ३५० किलोवॅटची, डीआरएस, म्हणजे ओव्हरटेकसाठी मागचा पंख उघडायची सोय, गेलं. म्हणजे एफवनच्या ड्रायव्हरला पण आता बॅटरी राखायचं डोकं लावावं लागणार, ज्याच्यावरून आम्ही दहा वर्षं फॉर्म्युला ईला हसत होतो. तिकडं फॉर्म्युला ईची २०२६-२७ पासूनची जेन-४ गाडी ६०० किलोवॅटपर्यंत जाणार आणि चारही चाकं कायम चालणार. आमच्या सीमाप्रश्नापेक्षा यांचा वाद लवकर मिटेल असं दिसतंय.

पिट स्टॉपचं, म्हणजे रेसमध्येच गाडी थांबवून टायर वगैरे बदलण्याचं, पटकन. एफवनला चार चाकं दोन-अडीच सेकंदात, मॅक्लारेननं २०२३ ला कतारमध्ये १.८० सेकंदात केलं, पापणी लवेपर्यंत संपलं. फॉर्म्युला ईला पूर्वी बॅटरी पुरायची नाही म्हणून अर्ध्या रेसला ड्रायव्हर चक्क एका गाडीतून उतरून दुसरीत बसायचा, चौथ्या सीझनपर्यंत चाललं ते. २०२५ पासून काही ठराविक रेसला पिट बूस्ट आलंय, ३० सेकंद ६०० किलोवॅटनं चार्ज करून दहा टक्के भरायचं. बघायला अगदीच कंटाळवाणं, गाडी उभी, माणूस केबल धरून उभा. इथं एफवनच.

बघायच्या सोयीचं बोलायचं तर पार्टनरला हेच लागणार. एफवन युरोपात असलं की आपल्याकडं बहुतेक वेळा रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू, दीड-दोन तास. ठरलेलं असतं. फॉर्म्युला ई पाऊण-एक तासात आटपतं हे चांगलं, पण कॅलेंडर असं की एका गावात शनिवार-रविवार दोन रेस आणि मग कधी महिनाभर काहीच नाही, मध्येच विसरायला होतं. मागं एकदा बर्लिनची रेस बघत होतो, शेवटचे पाच लॅप राहिले आणि लाइट गेली. विजेच्या गाड्यांची रेस विजेविना अर्धी राहिली म्हणून बायको अजून हसते.

आणि प्रत्यक्ष जायचं असेल तर? फॉर्म्युला ई शहराच्या मध्यात येतं हे मोठं आहे, आम्ही रात्रीच्या स्लीपरनं हैदराबादला गेलो, रेस बघितली, बिर्याणी खाल्ली, दुसऱ्या रात्री परत निघालो. व्यवस्था काही फार चांगली नव्हती, उन्हात सावली नाही, पाण्यासाठी रांग, पार्किंगपासून पायपीट, पण खर्च बुद्ध सर्किटच्या निम्मा. फक्त २०२४ ची दुसरी रेस सरकार बदलल्यावर रद्दच झाली, त्यामुळं सध्या फॉर्म्युला ईसाठी पण बाहेरच जावं लागणार. आणि विमान-व्हिसा-हॉटेल करून एवढा पैसा घालवणारच असशील तर एफवनवर घालव, तिथं माझी शंका नाही. अबू धाबी आपल्याला त्यातल्या त्यात जवळ.

तर पार्टनरला मी एफवन सांगितलं आणि अजून तेच सांगतो. त्याला रविवारची संध्याकाळ हवी, गप्पा हव्यात, एकच ड्रायव्हर धरून वर्षभर त्याच्यासाठी शिव्या द्यायच्यात. फॉर्म्युला ईच्या टक्केवारीत तो दुसऱ्या रेसला झोपेल. भाचीला फॉर्म्युला ई सांगितलं, पण एक अट घातली, पहिल्या तीन रेस आवाज बंद करून आणि बॅटरीच्या आकड्यावर नजर ठेवून बघ, कोण पुढं आहे ते बघूच नको. तिनं तसं केलं. तिसऱ्या रेसला फोन आला, "मामा, चौथा नंबरवाला जिंकणार, त्याच्याकडं तीन टक्के जास्त आहेत." आणि तो दुसरा आला, म्हणून चिडली पण.

त्यांच्या टीमचं भांडण पण मिटलं. इलेक्ट्रिक. काल रात्री व्हॉट्सॲपवर मोटर माउंटचं ड्रॉइंग पाठवलंय, ॲल्युमिनियमचं, दोन बोअर, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, इतकी बारीक टाकली आहे जशी काही उपग्रहाला लावायचंय. पार्टनर म्हणतो पोरीकडून पैसे घ्यायचे नाहीत पण टॉलरन्सवरून दोन शब्द ऐकवायचेच. मटेरियल उद्या बघायला जातोय.